ऑइल फिल्टरची पारख

मोटारीच्या इंजिनात पंपाने उचललेले ऑइल आधी फिल्टरमधून जाते आणि मगच बेअरिंग, क्रँक आणि कॅमशाफ्टपर्यंत पोहोचते. लहान मोटारीच्या चेंबरमध्ये साधारण 3 ते 4 लिटर ऑइल असते. गाडी वेगात असताना ते सगळे मिनिटाला अनेकदा फिल्टरमधून फिरून येते. फिरत्या भागांमधला ऑइलचा थर काही ठिकाणी अवघ्या काही मायक्रॉनचा असतो, तर माणसाचा केस जवळजवळ 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणून झिजेचे मुख्य कारण असते ते डोळ्यांना न दिसणारे 5 ते 20 मायक्रॉनचे कण. तेच त्या थरात अडकतात आणि दोन्ही बाजूंचा धातू खरवडतात.

मोटारींना पूर्वी फिल्टर नसे. ऑइल वरचेवर ओतून टाकणे हाच उपाय होता. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल यांनी 1923 मध्ये मोटारीसाठी ऑइल फिल्टर पेटंटसाठी पुढे केला आणि ‘प्युरोलेटर’ हे नाव बाजारात आले. सुरुवातीच्या फिल्टरमधून ऑइलचा थोडासाच भाग गाळला जाई. सगळे ऑइल गाळणारी रचना नंतर आली आणि 1950 च्या दशकात आट्यांवर फिरवून बसवायचा पत्र्याचा बंद डबा रुळला.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याच्या डोंगरकड्यासारख्या गावी या डब्याची खरी परीक्षा होते. नांदेड–हिंगोली रस्त्यावरचा हा भाग केळीचा आणि उसाचा. माल शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत येतो तो पांदणीने, आणि उन्हाळ्यात पांदणीवर चाक बुडेल इतका फुफाटा असतो. धुळीतले सिलिकाचे कण बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतात. एअर फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल तर ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतात, पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतात आणि ऑइलमध्ये मिसळतात. तिथून पुढे त्यांना अडवणारा एकच असतो, ऑइल फिल्टर.

फिल्टर कापून पाहिला की त्याची प्रत समजू लागते. वर जाड तबकडी. तिच्या मध्यभागी आटे, भोवती लहान छिद्रे आणि कडेला रबरी गास्केट. ऑइल कडेच्या छिद्रांतून आत शिरते, घड्या घातलेल्या कागदातून गाळले जाते आणि मधल्या जाळीदार नळीतून इंजिनात परतते. कागदाच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या, पुठ्ठ्याच्या किंवा फायबरच्या टोप्या डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवलेल्या असतात. पुठ्ठ्याची टोपी पाहून फिल्टर लगेच टाकाऊ ठरत नाही. पाहायचे ते हे, की कागद टोपीला सगळीकडून चिकटला आहे का आणि घडीच्या जोडावर फट तर राहिलेली नाही ना. सुईएवढी फट राहिली तरी ऑइल न गाळता पलीकडे जाते.

कागदाची गाळण्याची ताकद बीटा या आकड्याने मोजतात. विशिष्ट आकाराचे किती कण आत गेले आणि किती बाहेर आले, याचे ते गुणोत्तर. बीटा 2 असेल तर 1,000 पैकी 500 कण एका फेरीत निसटतात. बीटा 20 असेल तर 50, आणि बीटा 100 असेल तर 10. म्हणूनच ‘99 टक्के गाळतो’ या दाव्याला कणाचा आकार सांगितल्याशिवाय अर्थ नाही. साध्या सेल्युलोजच्या कागदापेक्षा काचतंतू किंवा कृत्रिम तंतू मिसळलेला कागद बहुधा अधिक बारीक गाळतो आणि अधिक घाण पोटात ठेवतो. जनरल मोटर्सच्या 1988 च्या अभ्यासात 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनाची झीज निम्म्यावर आली. 15 मायक्रॉनच्या फिल्टरने ती 70 टक्क्यांनी घटली.

डब्यातला सर्वांत विलक्षण भाग मात्र कागद नव्हे, तर तळाची स्प्रिंग लावलेली झडप. तिला बायपास व्हॉल्व्ह म्हणतात. धरणाला जसा सांडवा, तशी ही फिल्टरला. थंड सकाळी ऑइल घट्ट असते, किंवा कागद घाणीने तुंबलेला असतो; अशा वेळी ऑइलला वाट मिळाली नाही तर बेअरिंग कोरडे पडून इंजिन जाम होईल. कागदाच्या दोन बाजूंमधला दाब ठरावीक मर्यादेपुढे, बहुतेक फिल्टरांत 1 बारच्या आसपास, गेला की झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल सरळ इंजिनात सोडते. घाणेरडे ऑइल चालेल, पण ऑइलच नाही असे नको, हा तिच्यामागचा विचार. स्प्रिंग कमजोर असली तर झडप ऊठसूट उघडते आणि उत्तम कागदही निरुपयोगी ठरतो. स्प्रिंग ताठ असली तर कागदावर ताण येऊन तो फाटतो.

दुसरी झडप साध्या रबरी पडद्याची. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती छिद्रे झाकते. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या फिल्टरमध्ये ती विशेष महत्त्वाची. स्वस्त फिल्टरमध्ये हा पडदा नायट्राइल रबराचा असतो आणि उष्णतेने काही महिन्यांत कडक होतो. सिलिकॉनचा पडदा जास्त काळ लवचिक राहतो. सकाळी गाडी सुरू करताच दोन-तीन सेकंद खडखड येऊन थांबत असेल, तर पहिला संशय या पडद्यावर घ्यावा.

टिकाऊपणाची तपासणी आयएसओ 4548 या मानकाच्या निरनिराळ्या भागांत येते. भाग 5 मध्ये दाबाचे धक्के, भाग 6 मध्ये डबा फुटण्याचा दाब, भाग 7 मध्ये कंपनाने येणारा थकवा, तर भाग 12 मध्ये कण मोजून गाळण्याची क्षमता आणि घाण साठवण्याची क्षमता. चांगला फिल्टर म्हणजे वर्षानुवर्षे चालणारा नव्हे; बदलण्याची वेळ येईपर्यंत एकाही कसोटीत न ढळणारा.

अडचण अशी की हे आकडे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाहीत. दुकानातल्या खोक्यावर किंमत, भाग क्रमांक आणि गाड्यांची नावे असतात. बीटा किंवा बायपासचा दाब क्वचितच दिसतो. मग लोक घड्या मोजतात. पण घडीची उंची आणि खोली वेगळी असेल तर संख्येवरून क्षेत्रफळ कळत नाही, आणि क्षेत्रफळावरून कागदाची छिद्रे कळत नाहीत. वजन आणि रंग तर त्याहून फसवे.

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, हा गॅरेजमधला सर्वांत महागात पडणारा समज. एकाच मापाच्या आट्यांचे फिल्टर कितीतरी इंजिनांवर बसतात; काही इंजिनांत बायपास झडप ब्लॉकमध्येच असते, काहींत ती फिल्टरमध्ये असावी लागते. चुकीचा डबा गळत नाही, आवाज करत नाही. तो फक्त आपले काम करत नाही.

डुप्लिकेट माल ही याहून मोठी अडचण. खोके आणि छपाई हुबेहूब, आत पातळ कागद आणि नावापुरती स्प्रिंग. बाहेरून ओळख पटवायला होलोग्राम, बॅच क्रमांक आणि कंपनीचा क्यूआर कोड एवढेच हाती असते. पक्के बिल देणारे दुकान हीच त्यातल्या त्यात भरवशाची खूण.

चांगल्या फिल्टरलाही मर्यादा आहेत. डिझेलच्या काजळीचे बरेचसे कण 1 मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते कागदातून जातात आणि ऑइल काळे दिसते. ऑइलमध्ये विरघळलेले आम्ल, पाणी किंवा इंधन फिल्टर काढू शकत नाही. म्हणून महागडा फिल्टर लावून जुनेच ऑइल चालवणे व्यर्थ. बसवतानाही जुने गास्केट इंजिनाला चिकटून राहिले नाही ना हे पाहावे, नव्याला ऑइलचे बोट लावावे आणि पाना न लावता, खोक्यावर सांगितले असेल तेवढेच हाताने आवळावे.

बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचे अंतर दिलेले असते आणि धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळे, कमी अंतर सांगितलेले असते. पांदणीवर रोज चालणाऱ्या गाडीने दुसरा आकडा धरावा. कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचा मध्यम किमतीचा फिल्टर ऑइलबरोबर दर वेळी बदलणे आणि एअर फिल्टर धड ठेवणे, हे सर्वांत महागडा फिल्टर दुप्पट काळ चालवण्यापेक्षा केव्हाही चांगले.