‘रोज नाही, कधीतरी मित्रांसोबत’

कॉलेजच्या जवळपास चहाची टपरी असतेच. तास संपला की चार-पाचजण तिथे जमतात, कटिंग चहा येतो, एक सिगारेट पेटते आणि हातोहात फिरते. त्यातला कुणीही स्वतःला धूम्रपान करणारा म्हणवून घेत नाही. डॉक्टरांनी विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : ‘रोज नाही, कधीतरी मित्रांसोबत.’ खरी अडचण इथेच आहे. विद्यार्थिदशेतले धूम्रपान बहुतेक वेळा व्यसन म्हणून नव्हे, तर मैत्री म्हणून सुरू होते.

पहिली सिगारेट सहसा कुणाला आवडत नाही. ठसका लागतो, डोके गरगरते, मळमळते. तरीही दुसरी ओढली जाते, कारण सोबतची माणसे आवडतात. गाव सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाला ओळखी हव्या असतात आणि सिनिअरने पुढे केलेली सिगारेट नाकारणे त्याला जड जाते. घरात वडील किंवा काका ओढत असतील, तर त्या गोष्टीची भीती आधीच मेलेली असते. मुलींच्या बाबतीत बरोबरीची भावना कामी आणली जाते आणि ही युक्ती जुनी आहे. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना सिगारेट ओढायला लावून तिला ‘स्वातंत्र्याची मशाल’ म्हटले गेले. त्यामागे एडवर्ड बर्नेज हा सिगारेट कंपनीने नेमलेला प्रसिद्धीतज्ज्ञ होता.

‘हल्ली सगळेच ओढतात’ हा समजही मोठे काम करतो. प्रत्यक्षात २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते. (तंबाखू, मिश्री, खर्रा यांचा प्रश्न वेगळा आणि कितीतरी मोठा.) म्हणजे न ओढणारेच बहुसंख्य आहेत, फक्त टपरीवरच्या घोळक्यात ते दिसत नाहीत.

मित्रांमुळे सुरुवात होते, पण सवय टिकते ती मनाच्या गरजांमुळे. परीक्षा, जागरण, स्पर्धा परीक्षेची अनिश्चितता, एकटेपणा. झुरका घेतल्यावर बरे वाटते, हे खोटे नाही. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि डोपामिन स्रवते. मात्र दोनेक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते, चिडचिड सुरू होते, लक्ष लागेनासे होते. पुढची सिगारेट ही बेचैनी शमवते आणि मुलाला वाटते, अभ्यासाचा ताण उतरला. जो ताण सिगारेटनेच निर्माण केला, तोच ती काही काळ उतरवते. सिगारेट सोडलेल्यांमध्ये चिंता आणि उदासी कमी झाल्याचे २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील विश्लेषणात दिसले.

‘दिवसाला एकच’ हीसुद्धा पळवाट नाही. त्याच नियतकालिकातील २०१८ च्या अभ्यासानुसार, रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका निर्माण होतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोजच्या एका सिगारेटनेही येतो.

कायदा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुटी सिगारेट विकण्यावरही बंदी घातली. सुट्या सिगारेटीमुळे खिशात थोडेच पैसे असलेल्या मुलालाही सुरुवात करता येते, शिवाय पाकिटावरचा चित्रमय इशारा त्याच्या नजरेसच पडत नाही. म्हणून प्राचार्यांनी फाटकाबाहेरच्या टपरीकडे लक्ष देणे हे भिंतीवर फलक लावण्यापेक्षा अधिक उपयोगाचे.

पालकांनी खिसे तपासून आणि शपथा घेऊन फारसे साधत नाही. मूल कधी ओढते, कुणासोबत आणि त्याआधी मनात काय चाललेले असते, हे शांतपणे विचारावे. सोडायचे ठरवल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तेवढे दिवस चहाची जागा बदलावी आणि मित्रांना आधीच सांगून ठेवावे. तल्लफ साधारणपणे काही मिनिटांत उतरते. तोवर पाणी प्यावे, चालून यावे. गरज वाटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम घेता येते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. उदासी किंवा झोपेची तक्रार असेल तर तिच्यावर स्वतंत्र उपचार हवेत.

रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा ५० वर्षे पाठपुरावा केला. सिगारेट ओढत राहिलेल्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटले. तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांनी ही हानी जवळजवळ पूर्ण टाळली. विशीतल्या मुलाला हे सांगताना भीती घालायची गरज नाही. त्याच्या हातात अजून वेळ आहे, एवढे त्याला कळले पाहिजे.