सगळे हसले, आजोबा का नाही?

गेल्या वर्षी नाताळची सुट्टी संपली, त्या आठवड्यातली गोष्ट. नामपूरला आमच्या सरकारी रुग्णालयात मोसम खोऱ्यातल्या एका मळ्यातून मुलगा आणि सून वडिलांना घेऊन आले. वडील बहात्तर वर्षांचे, अंगाने काटक. बोलला तो मुलगाच.

"साहेब, बाबा हल्ली घरात मिसळत नाहीत. सुट्टीत पुण्याहून भाऊ आला, नाशिकहून बहीण आली, घर पोरांनी भरलं होतं. दुपारी सगळे मिळून टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' बघत होतो. पोरं हसून हसून लोळत होती. आणि बाबा अर्ध्यातून उठून मळ्यात निघून गेले. काही विचारलं तर चिडतात. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?"

बाबा मान खाली घालून बसले होते. एवढेच म्हणाले, "माले काहीच व्हयनं नही."

मी उठून त्यांच्या पाठीमागे गेलो आणि हळू आवाजात विचारले, "बाबा, कांद्याची लागवड झाली का?" उत्तर नाही. समोर येऊन, त्यांच्याकडे पाहत, जरा मोठ्याने तोच प्रश्न विचारला. बाबांचा चेहरा खुलला. किती लागवड झाली, किती राहिली, रोपाचे काय झाले आणि रात्रीच्या विजेवर पाणी भरताना थंडीने कसे हाल होतात, सगळे सांगून टाकले. डोके शाबूत होते. बिघाड कानांत होता.

मुलाला बाहेर बसवून बोललो, तेव्हा खरी गोष्ट कळली. दोन वर्षांपासून सगळे हसले की बाबाही हसायचे. त्या दुपारी नातीने सहज विचारले, "आजोबा, तुम्ही कशाला हसलात?" त्यांना सांगता येईना. पोर काही लबाड नव्हती, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. पण बाबा उठले आणि मळ्यात गेले.

एकत्र हसण्याचा गुण

यात एवढे काय, एक चित्रपटच तर बुडाला, असे कुणी म्हणेल. माझ्या पिढीला आठवत असेल, १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचे. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही. ओटीवर, उंबऱ्यात, खिडकीच्या गजांना धरून माणसे बसायची. चित्र हलले की कुणीतरी धाब्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं!" मालिकेइतकीच गोडी त्या एकत्र बसण्यात होती.

या गोडीमागे शरीरशास्त्रही आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना विनोदी आणि साध्या चित्रफिती दाखवून, आधी आणि नंतर त्यांना किती वेदना सहन होते ते मोजले. त्यासाठी दंडावर गोठवलेले थंडगार आवरण लावले किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळला. मनमोकळे हसून झाल्यावर वेदना सहन करण्याची ताकद वाढलेली दिसली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये त्यामागे असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत कितीतरी जास्त हसतो, हे तर आपण रोज पाहतो. घरातल्या हसण्यातून एक माणूस बाजूला पडला, की त्याच्या वाट्याचे हे औषधही हुकते.

आवाज येतो, शब्द येत नाहीत

वयानुसार येणारा बहिरेपणा दबक्या पावलांनी येतो. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सहसा आधी जातात त्या उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या. स्वर साधारण खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने मात्र निसटतात. कुणी 'सात' म्हटले तर 'हात' वाटते. म्हणून ही माणसे सांगतात, "आवाज येतो, पण बोलणं समजत नाही."

समोरासमोर, शांत खोलीत त्यांचे निभावते, कारण ओठांच्या हालचालींची मदत होते. विनोदी चित्रपटात संवाद भराभर, एकमेकांत मिसळलेले, मागे संगीत, शिवाय खोलीत पोरांचा गलका. तिथे त्यांचा धागा तुटतो. टीव्हीचा आवाज वाढवला तर संगीतही तेवढेच वाढते, शब्द काही स्पष्ट होत नाहीत. बिघडलेल्या कानाला मोठा आवाज एकदम असह्यही होतो. म्हणूनच आधी "मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला?" असे ऐकावे लागते. तो हेकटपणा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठी ओलांडलेल्यांपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतका बहिरेपणा असतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता किंवा सुधारता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यांत ऐकू कमी येणे आहे आणि माणसांपासून तुटणेही आहे. कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो असा याचा अर्थ नाही. पण "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे.

या सुट्टीत एवढे करा

सगळे टीव्हीसमोर बसाल तेव्हा थोडा वेळ पडद्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहा. ते इतरांच्या चेहऱ्याकडे बघून, क्षणभर उशिरा हसतात का? "काय म्हणाला तो?" असे वारंवार विचारतात का? की आता विचारणेच सोडले आहे? यातले काही आढळले तर कान तपासून घ्या.

कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. पण काडी, पिन, गरम तेल यांतले काहीही कानात घालू नका. मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्या. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणक्षमता मोजता येते. यंत्र लागणार असेल तर ते चष्म्यासारखे मापानेच घ्यावे, शेजाऱ्याचे जुने आणून लावू नये. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिच्या ३ हजार रुपयांचा यंत्राच्या खर्चाला हातभार लागतो. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उशीर महागात पडतो.

तोवर घरात करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. आजी-आजोबांना टीव्हीच्या जवळची जागा द्या. पंखा, मिक्सर, दुसऱ्या खोलीतला मोबाइल बंद ठेवा. पडद्यावर संवादाच्या ओळी दाखवण्याची सोय असेल आणि त्यांना वाचता येत असेल तर ती सुरू करा. बोलताना समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, ओरडू नका, सावकाश बोला. आणि विनोद हुकला तर "काही नाही, जाऊ द्या" म्हणू नका. त्या चार शब्दांनीच माणूस दूर जातो. चित्रपट क्षणभर थांबवा आणि तो विनोद पुन्हा सांगा. आता टीव्ही थांबवताही येतो. 'रामायणा'च्या वेळी ती सोय नव्हती.

बाबांच्या एका कानात मळ होता, तो काढला. उरलेला दोष वयाचा होता, त्यासाठी यंत्र लागले. सवय व्हायला दोनेक महिने गेले. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाटच जास्त ऐकू यायचा, म्हणून त्यांनी यंत्र दोनदा कपाटात टाकले. दोन्ही वेळा नातीने फोनवरून दटावून ते पुन्हा कानात घालायला लावले.

परवा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. यंदाही सुट्टीत सगळे येणार आहेत. मी म्हटले, "मग बाबा, या वेळी पिक्चर पूर्ण बघणार ना?"

"बघेन की," ते म्हणाले. "पण पोरांना जरा सांगा साहेब, टीव्ही फार मोठ्यानं लावतात."