वरणाचे पाणी म्हणजे वरण नव्हे

आपले देऊळघाट धड खेडे राहिले नाही आणि पुरते शहरही झाले नाही. कोणी शेतमजुरीला जाते, कोणी रोज बुलडाण्याला कामाला. अशा वस्त्यांत लहान मुलांची वजने करताना आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत असलेले बाळ वर्षाचे होता होता वाळते. आया म्हणतात, "दात येऊन राहिले." दात आल्याने मूल वाळत नाही, बायांनो. ते वाळते कारण याच महिन्यांत त्याचे अन्न कमी पडते.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालूच ठेवायचे, पण तेवढ्यावर भागत नाही. नेमकी तेव्हाच आई कामावर परतते. बाळ आजीजवळ, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ राहते. त्याला वरणाचे वरचे पाणी पाजतात, चहात बिस्किट बुडवून देतात, रडले की पाच रुपयांचा पुडा फोडतात. बाळाचे पोट एवढेसे. ते पाण्याने भरले की घासाला जागा कुठे? द्यायचे ते घट्ट वरण, मऊ भात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल, शेंगदाण्याचा बारीक कूट. अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. उकडलेले अंडे कुस्करून दिले तर बाधत नाही. नवव्या महिन्यापासून दिवसाला तीन-चार वेळा भरवावे लागते.

अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार बाळाचा आहे. तो शेळीपुढे गेलेलाही आम्ही पाहिला आहे.

दुसरे कारण जुलाब. नाली दाराशी, पाणी उघड्या ड्रममध्ये, भरवणाऱ्याचे हात तसेच. त्यात जुलाब लागले की घरचे जेवण बंद करतात! उलट दूध आणि जेवण चालू ठेवा, ओआरएस पाजा, आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घेऊन १४ दिवस पूर्ण द्या.

काही मुले तर जन्मतःच मागे असतात. कोवळ्या वयात लग्न, आईच्या अंगात रक्त कमी, एकामागून एक बाळंतपण, मग बाळ अडीच किलोच्या आत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुले कमी वजनाची आढळली.

आईला बोल लावणे सोपे आहे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला. पण वावरात, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या आईला आजही पगारी रजा नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यावर ती किती दिवस घरी बसेल? म्हणून एक वेळचे भरवणे बापाने आणि सासूने अंगावर घ्यावे, आणि आजीला घट्ट वरण कसे ते दाखवून द्यावे.

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाला पट्टी लावून घ्या. माप साडेबारा सेंटिमीटरच्या आत आले तर ताईंशी बोला. साडेअकराच्या आत असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी मागा. तिथे साधारण १४ दिवस राहावे लागते. तोवर घरच्या बाकीच्या पोरांना कोण बघेल, हे शेजारणींनी आधीच ठरवून ठेवा. त्याच अडचणीपायी आया अर्ध्यातून परत येतात.