पिकअप उंच करताना नेमके काय उंच होते?

नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात पहाटे माल घेऊन आलेली पिकअप मागच्या बाजूने बघावी. कांद्याच्या गोण्यांनी हौदा भरलेला असतो तेव्हा मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, सरळ झालेले दिसतात, काही गाड्यांचे तर उलटे वाकलेले. गोण्या उतरल्या की तीच गाडी मागून चार बोटे वर येते. मग चालक गॅरेजवाल्याला म्हणतो, ‘एक पाटा वाढवून द्या, गाडी बसते.’

याच नवी मुंबईत दुसऱ्या प्रकारचेही गिऱ्हाईक आहे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेतलेला, सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा शोधणारा. त्याला गाडी दोन-तीन इंच उंच करणारे लिफ्ट किट हवे असते. या दोघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी गाडीला लागू होणारे भौतिकशास्त्र एकच आहे, आणि खरेदीच्या वेळी त्याचाच विचार सर्वांत कमी होतो.

पहिला प्रश्न असा, की उंची कशाखाली हवी? गाडी दगडाला अडते तेव्हा बहुतेक वेळा अडतो तो मागच्या धुऱ्याच्या मधला फुगीर गोळा, म्हणजे डिफरन्शियल. हा गोळा चाकांना जोडलेला असतो, चॅसिसला नाही. लिफ्ट किट चॅसिस आणि बॉडी वर उचलते, धुरा जिथल्या तिथे राहतो. तीन इंचांचे किट बसवले तरी त्या गोळ्याखालची जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर धुरा एक इंच वर जातो. किटचा खरा उपयोग वेगळा आहे: मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा मिळते, चढाच्या तोंडाशी बंपर टेकत नाही आणि उंचवटा ओलांडताना गाडीचे पोट घासत नाही. तुमची अडचण यांपैकी नसेल, तर किट तुमच्या कामाचे नाही.

आता या उंचीची किंमत बघू. वळणावर गाडी कलंडेल की नाही, हे ढोबळमानाने एका साध्या भागाकाराने कळते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. चाकांमधले अंतर दीड मीटर आणि रिकाम्या पिकअपचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला, तर उत्तर येते १.०७. म्हणजे गाडीच्या वजनाएवढेच आडवे बल लागले तरी ती कलंडण्याच्या सीमेच्या आतच असते. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८. त्यामुळे अशी गाडी कलंडण्याआधी घसरते. घसरणेही वाईटच, पण घसरणारी गाडी निदान चारही चाकांवर असते.

त्याच पिकअपवर उंच थप्पी लावली आणि गुरुत्वमध्य १.१ मीटरवर गेला, तर उत्तर उतरते ०.६८ वर. आता क्रम उलटला. कोरड्या रस्त्यावर पकड सुटण्याआधीच आतली चाके जमीन सोडतात. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किलोमीटर वेगाने गेले तर आडवे बल वजनाच्या ०.६६ पट होते. गाडी जेमतेम वाचते. तिला तीन इंचांचे किट बसवा. धुरे आणि चाके खालीच राहतात, म्हणून एकूण गुरुत्वमध्य पुरता तीन इंच न चढता सहाएक सेंटिमीटर चढतो आणि सीमा ०.६५ वर येते. तेच वळण, तोच वेग, तोच माल, आणि गाडी आडवी. प्रत्यक्षात स्प्रिंग व टायर एका बाजूला दबतात, गोण्या सरकतात, त्यामुळे खरी सीमा याहूनही खाली असते. मालवाहू पिकअप उंच करण्याला माझा विरोध आहे तो या गणितामुळे.

पाटा वाढवण्याची गोष्टही अशीच तपासून घ्यावी लागते. स्प्रिंगवर जितका भार, तितका तिचा ताण, हा रॉबर्ट हुकचा नियम १६७८ साली छापला गेला आणि तुर्भ्यातल्या पाट्यांनाही तो तसाच लागू आहे. पाच सारख्या पाट्यांच्या जुडग्यात तसाच सहावा घातला तर कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या प्रमाणात असतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. ‘जरा जाड टाका’ असे सहज म्हटले जाते, पण त्यातला ‘जरा’ फार महाग आहे. भरलेली गाडी छान उभी राहते, पण बाजारातून परतताना ती रिकामी असते. कडक पाट्यांवरची रिकामी पिकअप खड्ड्यात आपटते, मागचे चाक उसळून क्षणभर रस्ता सोडते, आणि नेमका त्या क्षणी ब्रेक दाबला तर ते चाक कशालाच धरून नसते. जुना शॉकअप मूळ पाट्यांच्या हिशेबाने बनवलेला असतो, तो ही नवी उसळी आवरू शकत नाही. शिवाय पाटा वाढवला म्हणून धुरा, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. आरसी बुकात लिहिलेली वजनाची मर्यादा या सगळ्यांना मिळून ठरवलेली असते.

शौकिनांच्या किटमध्येही प्रकार आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे धुरा आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा आणि लांब यू-बोल्ट, पुढे स्प्रिंगच्या डोक्यावर एक स्पेसर. उंची मिळते, पण स्प्रिंग आणि शॉकअप तेच राहतात. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच चढवू नये, कारण जोर लागला की धुरा पाट्यांवर पिळला जातो. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारा दुवा, हा दुसरा मार्ग. त्याने पाट्याचे एकच टोक सरकते, म्हणून दोन इंच लांब शॅकलने गाडी जेमतेम इंचभर उठते आणि धुरा थोडा फिरतो. तिसरा आणि महाग प्रकार म्हणजे नवे स्प्रिंग, नवे पाटे व त्यांना जुळणारे लांब शॉकअप यांचा पूर्ण संच. घ्यायचेच असेल तर हाच घ्यावा.

उंचीबरोबर मागच्या धुऱ्याला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंटही हुकच्याच नावाने ओळखला जातो. एका बाजूचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी कोनात जोडलेला दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्का असतो, २० अंशांत सहा टक्क्यांच्या वर जातो. दोन टोकांचे जॉइंट जुळवून लावलेले असतात आणि कोन सारखे असतात, तोवर हे चढउतार एकमेकांना खोडतात. किटने एक कोन बदलला की गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते आणि क्रॉस लवकर खराब होतात.

ब्रेककडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. अनेक पिकअपमध्ये चॅसिसवर एक झडप असते आणि तिची दांडी मागच्या धुऱ्याला जोडलेली असते. माल भरून गाडी खाली बसली की दांडी फिरते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो, म्हणजे मागची चाके लॉक होत नाहीत. गाडी उंच केली आणि दांडीची जोडणी बदलली नाही, तर भरलेली गाडीही या झडपेला रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. गाडीखाली वाकून ही दांडी स्वतः बघून घ्या. ब्रेकचा रबरी पाइप चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणला जातो का, तेही बघा.

पावसाळ्यामुळेही इथे उंच गाडीचा मोह होतो. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीवर आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी सिडकोने इथे धारण तलाव बांधले. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यावर पाणी चढते. पण दोन इंचांच्या किटने इंजिनाच्या हवेची नळी दोनच इंच वर जाते. धुऱ्यातली हवा आत-बाहेर करणारा ब्रीदर तर तिथेच राहतो. तापलेला धुरा पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. ब्रीदरची नळी वर नेऊन बांधणे हे किटपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. वाहत्या पाण्यात मात्र कोणत्याच उंचीवर विसंबू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. म्हणून आधी आपल्या आरटीओत लेखी विचारा, पैसे नंतर भरा.

भाड्याची पिकअप चालवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, किट नको आणि जास्तीचा पाटाही नको. थकलेले पाटे, बुश आणि शॉकअप मूळ मापाचे नवे बसवा, म्हणजे गाडी पुन्हा तिच्या उंचीवर उभी राहते. शौकिनांनी आधी चांगले टायर घ्यावेत, परवानगीत बसत असेल तर दोन इंचांच्या आतला पूर्ण संच बसवावा, आणि त्याच दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून हेडलाइटचा फोकस खाली उतरवून घ्यावा. नाहीतर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर तो झोत पडतो.