ध्वनिफितीवरचा हक्क कोणाचा?

मी कशेडीचा. जुन्या कॅसेटींवरचे गाणे पेनड्राइव्हवर उतरवून देणे हा माझा धंदा. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले, तेव्हा चिखलातून भांड्यांबरोबर कॅसेटीही उचलणारी माणसे मी पाहिली आहेत.

पुढे घाटाखालच्या बौद्धवाडीतून एक आजी दोन कॅसेटी घेऊन आल्या. एक विकत घेतलेली, भीमगीतांची. दुसरी घरच्या टेपवर भरलेली. जयंतीच्या रात्री त्यांच्या यजमानांनी गायलेली कवने तीत होती. "बाळा, ह्यात त्यांचा आवाज हाय. दोन्हीच्या धा-धा कॅसेटी काढ, वाडीत वाटीन."

दिसायला दोन्ही सारख्याच. कायद्याला मात्र त्या सारख्या नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एका गाण्यात अनेक हक्क असतात. शब्द कवीचे, चाल ती बांधणाऱ्याची, ध्वनिमुद्रण निर्मात्याचे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. १९८० सालच्या कॅसेटचा २०४० अखेरपर्यंत. शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. तो वारसांकडे की दुसऱ्या कोणाकडे, हे करारावर ठरते.

आणि गायक? १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत गायकाच्या सादरीकरणाला या कायद्यात हक्कच नव्हता. रात्र रात्र घसा फोडणाऱ्याच्या हाती बिदागी पडली. मुद्रणाचा हक्क भांडवल घालणाऱ्याकडे गेला. हा केवळ योगायोग म्हणायचा काय?

कलम ५२ खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी उचित वापराची मुभा देते. पण ती वापरणाऱ्याला आहे. पैसे घेऊन प्रती काढणाऱ्या दुकानदाराला ती पुरेलच असे नाही. वाटण्यासाठी दहा प्रती म्हणजे खाजगी वापर नव्हे. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. म्हणून पहिल्या कॅसेटची प्रत मी काढली नाही. आजींच्या नातवाला टेपची तार संगणकाला कशी जोडायची ते दाखवले. घरापुरते त्याने स्वतः उतरवून घेतले.

दुसरीची गोष्ट वेगळी. मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता, असे कायदा म्हणतो. इथे टेप यजमानांची, शब्दही त्यांचे. तेव्हा हक्क आजींचा आणि मुलांचा. मात्र त्यांनी दुसऱ्या शाहिराचे कवन गायले असेल, किंवा चाल सिनेमातली घेतली असेल, तर तेवढ्यापुरता हक्क त्या कर्त्यांचा. आजींना विचारले. शब्द सगळे घरचे, चाली जुन्या जलशातल्या, असे त्या म्हणाल्या. मग मी ती फीत सुकवली, बुरशी पुसली, टेपचे हेड स्पिरिटने साफ केले. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात. घाई चालत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी एवढे तरी करावे. वाडीवाडीतल्या कॅसेटी कुजण्याआधी गोळा कराव्यात. कवी कोण, गायक कोण, ढोलकीवर कोण, गाव कोणते, साल कोणते, हे जाणत्यांकडून लिहून घ्यावे. वारसांची संमती कागदावर घ्यावी. कॉपीराइटला नोंदणीची सक्ती नाही. पण नावच कोठे लिहिलेले नसेल, तर वारसाने हक्क सांगायचा कशाच्या आधारावर?

आजींच्या कॅसेटवर कसलीच चिठ्ठी नव्हती. त्या सांगत गेल्या आणि मी नावे लिहीत गेलो. ढोलकीवाल्याचे नाव त्यांना शेवटपर्यंत आठवले नाही.