जस्त आणि पौरुष

1958 सालीं इराणांतील शिराझ येथें डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर 21 वर्षांचा रोगी आला. दिसावयास तो 10 वर्षांचा मुलगाच! आहार न आंबविलेली रोटी, शिवाय माती खाण्याची संवय. पुढें इजिप्तमधील अशाच रोग्यांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढली, तारुण्यलक्षणें प्रकटलीं. धान्यांतील फायटेट हें द्रव्य जस्त शोषूं देत नाहीं. आंबविल्यानें व मोड आणल्यानें तें घटतें. गृहिणींनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. 1996 सालच्या प्रसादांच्या प्रयोगांत जस्त कमी केलेल्या आहारानें 4 तरुणांतील टेस्टोस्टेरोन हा पौरुषरस 20 आठवड्यांत जवळजवळ चतुर्थांशावर उतरला. एवढ्यावरून आपले चिरंजीव व्यायामशाळेंतून जस्ताच्या गोळ्या आणूं लागले आहेत! परंतु ज्यांना उणीव नाहीं, त्यांचा हा रस गोळ्यांनीं वाढल्याचें दिसत नाहीं. अतिरेकानें मात्र शरीरांतील तांबें घटून पांडुरोग जडूं शकतो.