आज्ञावली न लिहिता बनवलेली नोंदवही

नाशिक जिल्ह्यातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक पेटीमागे नोंदींची एक साखळी असते. पेटी कोठे भरली, द्राक्षे कोणत्या प्लॉटमधली, त्या प्लॉटवर शेवटची फवारणी कशाची आणि केव्हा झाली, तपासणीचा अहवाल काय आला. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि बागायतदार व निर्यातदार मोठ्या अडचणीत आले. अशा वेळी पेटीपासून प्लॉटपर्यंत उलटे किती लवकर जाता येते, याला फार महत्त्व येते. अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदपद्धती सुरू केली ती याचसाठी. पण पॅकहाऊसच्या आतली रोजची नोंद ज्याची त्यानेच ठेवायची असते.

ती पूर्वी वहीत असे, मग स्प्रेडशीटवर आली. आता ‘नो-कोड’ आणि ‘लो-कोड’ प्लॅटफॉर्म आले आहेत. पहिल्या प्रकारात पडद्यावर रकाने आणि बटणे मांडून काम भागते, दुसऱ्यात अडेल तेथे थोडी आज्ञावली लिहिता येते. जाहिराती पाहून निवड करू गेल्यास सगळेच सारखे वाटतात. म्हणून आम्ही सुचवतो की आधी संगणक बंद ठेवावा आणि कागद घ्यावा.

समजा, एका तक्त्यात दर पेटीला एक ओळ आहे, आणि प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचे नाव, गाव व फवारणीची तारीख पुन्हा पुन्हा लिहिली आहे. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिले गेले की संगणकाच्या लेखी ते तीन शेतकरी! एडगर कॉड या गणितज्ञाने आय.बी.एम.मध्ये असताना १९७० साली यावर मार्ग दाखवला. माहितीचे वेगवेगळे तक्ते करावेत आणि ते क्रमांकांनी जोडावेत. शेतकरी, प्लॉट, फवारणी, तोडणी, पेटी असे पाच तक्ते कागदावर काढून पाहा. एका शेतकऱ्याचे अनेक प्लॉट, एका प्लॉटच्या अनेक फवारण्या. इथपर्यंत सोपे आहे. पण एका पॅलेटवर अनेक प्लॉटांच्या पेट्या येतात आणि एका प्लॉटच्या पेट्या अनेक पॅलेटवर जातात. दोन्हीकडून ‘अनेक’ असे हे नाते जो प्लॅटफॉर्म मांडू शकत नाही, तो दिसायला कितीही देखणा असो, इथे उपयोगाचा नाही. (शाळेच्या ग्रंथालयाची नोंद घेऊन हाच खेळ वर्गात करता येईल. पुस्तक एक, पण प्रती चार असल्या की मुले बरोबर अडतात.)

‘फवारणीनंतर ठरलेले दिवस झाले नसतील तर तोडणीची नोंद घेऊ नये’ हा नियमही प्लॅटफॉर्मला सांगता यायला हवा. खरे तर ही आज्ञावलीच आहे, फक्त ती टंकलिखित करावी लागत नाही. त्यामुळे तर्कातली चूक नो-कोडमध्येही तशीच राहते.

मर्यादाही विचारून घ्याव्यात. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, म्हणजे २ चा १६ वा घात. २०२० साली इंग्लंडमध्ये याच मर्यादेपायी कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. दर पेटीला एक ओळ असेल तर मोठ्या पॅकहाऊसलाही ही मर्यादा गाठणे अवघड नाही.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न मात्र बाहेर पडण्याचा. गूगलचे ‘ॲप मेकर’ जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले, ॲमेझॉनचे ‘हनीकोड’ २०२० साली आले आणि फेब्रुवारी २०२४ अखेर गेले. मोठी कंपनी म्हणजे दीर्घायुषी साधन, हे गृहीतक टिकत नाही. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती येऊन वीस वर्षे होऊन गेली, तरी त्याच्या फायलींची रचना सर्वांना माहीत असल्याने त्यांतली माहिती आजही वाचता येते. नव्या प्लॅटफॉर्मवरून तक्ते साध्या फाईलमध्ये उतरवता येतात, पण नियम आणि पडदे बहुधा मागेच राहतात. तेव्हा खऱ्या नोंदी भरण्यापूर्वी, पहिल्याच आठवड्यात, सगळे उतरवून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. पेटीचा प्लॉट अजून सापडतो का? देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हे तर आली नाहीत ना?

मुंबईत घडलेले ‘फ्रॅपे’ मुक्त स्रोताचे आहे आणि स्वतःच्या यंत्रावर बसवता येते, त्यामुळे कोणी दुकान बंद केले तरी साधन हातात राहते. आम्हाला हा मार्ग पसंत आहे, पण रोजची प्रत काढून ठेवणारा आणि सुधारित आवृत्ती बसवणारा माणूस हवा. तो नसेल तर भाड्याचा प्लॅटफॉर्म बरा. मात्र भाडे दर माणशी दरमहा असते, आणि द्राक्षाच्या हंगामात जानेवारी ते एप्रिल माणसे वाढतात. तेवढ्या चार महिन्यांपुरती संख्या वाढवून पुढे कमी करता येते का, हे करार करण्यापूर्वी लेखी घ्यावे.